न आलेली सत्तावीस बाळं

माझं संशोधन शीवर आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण मागाहून कळलं की लोक फसवल्यासारखे बघतात. लहान मुलांचा सर्जन म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर आदर दिसतो, संशोधनही करतो म्हटलं की तो दुप्पट होतो, आणि "कशावर?" या प्रश्नाचं उत्तर मिळालं की माणूस हातातली बशी खाली ठेवतो. माझी आई होती तोवर नातेवाइकांना "पोटाचा डॉक्टर आहे" एवढंच सांगायची. पोटाच्या खाली तिने मला कधी उतरू दिलं नाही.

काही बाळं शीची वाटच नसताना जन्माला येतात. आत आतडं असतं, पण बाहेर जिथे दार हवं तिथे नुसती कातडी. ते दार आम्ही करतो. दार करणं त्या मानाने सोपं. ते हवं तेव्हा उघडणं आणि नको तेव्हा मिटलेलं राहणं, हे अवघड. त्यासाठी भोवतीचा स्नायू नीट बसवावा लागतो. तो बसवताना मी मागच्या बाजूला तीन टाके जास्त घालायचो, तिरके. का घालायचो, तर एकदा गडबडीत घातले गेले आणि ते बाळ छान बरं झालं. हे मी माझ्या शोधनिबंधात, म्हणजे पेपरात, लिहिलं नाही. पेपरात लिहिलं की ही पद्धत शरीररचनेच्या सखोल अभ्यासातून सुचली.

तो पेपर पंधरा वर्षांपूर्वी छापून आला. एकसष्ट बाळं, त्यांतली त्र्याण्णव टक्के उत्तम. जगात त्या वेळी कोणाचेही आकडे ऐंशीच्या वर जात नव्हते, त्यामुळे मला लोक ओळखायला लागले. म्हणजे लोक म्हणजे जगभरातले दीड-दोनशे सर्जन, पण आमच्या धंद्यात याला प्रसिद्धी म्हणतात. परिषदांमध्ये माझं पाळण्यातलं नाव कोणाला आठवेना, सगळे मला "तीनटाके" म्हणायला लागले. वरवर मी वैतागायचो. आत उकळ्या फुटायच्या.

दुसऱ्या कोणी त्याच्या पेपरात आपल्या पेपराचा हवाला दिला की त्याला सायटेशन म्हणतात. माझ्या पेपराला चारशे बारा मिळाली होती. हा आकडा मला तोंडपाठ का, तर रोज सकाळी चहाच्या आधी मी तो बघायचो. बायको गणिताची शिक्षिका, नुकतीच निवृत्त झालेली. ती पलीकडून विचारायची, "काय, वाढला का तुमचा शेअर?" वाढलेला असला की मी चहात साखर जास्त घालून घ्यायचो. एकदा एकाने माझा पेपर "यांचे निकाल विश्वास बसू नये इतके चांगले आहेत" असं म्हणून उद्धृत केला. मी त्याला स्तुती समजलो आणि ते वाक्य घरात वाचून दाखवलं. बायको नुसतं "बरं" म्हणाली.

आता तो त्र्याण्णव कुठून आला ते सांगायला हवं.

आमच्या विभागात एक मोठी वही होती, हिरव्या कापडी बांधणीची. प्रत्येक बाळाला एक ओळ. बाळ तीन वर्षांचं झालं की शीवर ताबा आला की नाही हे बघायचं आणि शेवटच्या रकान्यात लिहायचं: उत्तम, बरा, किंवा वाईट. पण सगळीच बाळं परत येत नाहीत. लोक लांबून येतात, गावं बदलतात, नोकऱ्या बदलतात. अशा ओळींचं काय करायचं, हे मला माझ्या गुरूंनी, म्हणजे मोठ्या सरांनी, पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. "त्रास असता तर आले असते," ते म्हणायचे आणि रकान्यात 'उत्तम' लिहायचे. वर्षअखेरीला आम्ही चहा पीत पीत त्या मोकळ्या जागा भरून काढायचो. खोटेपणा करतोय असं कोणालाच वाटायचं नाही, उलट जरा आनंदच व्हायचा. बरी झालेली मुलं कुठेतरी खेळत असतील, आपल्याला विसरली असतील, असं आम्ही बोलायचो.

माझ्या एकसष्टांपैकी चौतीस आली होती. त्यातली तीस चांगली, चार वाईट. सत्तावीस आलीच नाहीत. तीस आणि सत्तावीस, सत्तावन्न. एकसष्टात सत्तावन्न म्हणजे त्र्याण्णव टक्के. पेपर तपासणाऱ्या दोघा परीक्षकांनी मला एकूण अकरा प्रश्न विचारले, त्यातले सात स्वल्पविरामांबद्दल होते.

या वर्षी आमच्या संघटनेने ठरवलं की या ऑपरेशनसाठी देशभरच्या सर्जनना एक लेखी मार्गदर्शन द्यायचं आणि त्यात 'तीन टाके' ही पहिली पसंती म्हणून घालायची. त्या निमित्ताने वार्षिक परिषदेत माझं मुख्य भाषण. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी नवा कोट शिवायला टाकला आणि भाषणाचं शीर्षक सतरा वेळा बदललं.

याच दिवसांत ती आली.

आमच्या ओपीडीबाहेरच्या भिंतीवर पिवळा जिराफ काढलेला आहे, त्याच्या मानेवर उंची मोजायच्या रेघा. समोर बुटकी लाल स्टुलं. त्यातल्या एका स्टुलावर अठरा वर्षांची एक मुलगी गुडघे हनुवटीजवळ घेऊन बसली होती आणि शेजारी तिची आई उभी होती. मला वाटलं, धाकट्या भावंडाला घेऊन आल्या असतील. नंबर पुकारला तेव्हा मुलगीच आत आली.

"मी तुमचीच पेशंट आहे," ती म्हणाली. "तुम्हाला आठवणार नाही."

"चेहरा आठवतोय," मी म्हणालो. ही माझी नेहमीची थाप. आमच्या शाखेत चेहऱ्याचा आणि कामाचा तसा काही संबंध येत नाही.

तिने फाइल उघडली आणि सगळ्यात वर माझा पेपर होता. छापून घेतलेला, स्टेपल केलेला, हिरव्या शाईने खुणा केलेला. काय सांगू, माझा हात नकळत खिशातल्या पेनाकडे गेला. पंधरा वर्षांत एका पेशंटने माझा पेपर वाचल्याचं हे पहिलंच उदाहरण होतं, आणि मला वाटलं तिला सही हवी आहे.

"तिसऱ्या पानावरचा तक्ता बघा," ती म्हणाली. "आणि मग हे पत्र वाचा."

पत्र दुसऱ्या गावच्या एका सर्जनचं होतं. मुलीला शीवर ताबा नाही, कपडे खराब होतात, अशी तक्रार घेऊन ती दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडे गेली होती. त्याने लिहिलं होतं की या पद्धतीने केलेल्या ऑपरेशननंतर त्र्याण्णव टक्के मुलं पूर्ण बरी होतात, तेव्हा दोष शरीराचा नसून सवयीचा आणि मनाचा असावा. वेगळ्या तपासण्यांची गरज नाही. समुपदेशकाकडे जावे. आणि खाली हवाला दिला होता. माझा.

"मी गेले समुपदेशकाकडे," ती म्हणाली. "चौदा वेळा. बाई चांगल्या होत्या. त्यांनी मला माफ करायला शिकवलं, पण कोणाला ते त्यांनाही सांगता येईना."

लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणीसुद्धा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "सकाळी ठरलेल्या वेळी बसतेस ना?"

तिने ते कानाआड केलं. मग सरळ सांगत गेली. शाळेत ती कायम शेवटच्या बाकावर, खिडकीशी. पिशवीत जादा कपडे. सहलीला कधीच नाही. आता तिला जमीनमोजणीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता, निवासी. एका खोलीत चौघी, संडास व्हरांड्याच्या टोकाला, आणि आठवड्यातले तीन दिवस उघड्या माळावर उन्हात दुर्बीण लावून उभं राहायचं. पाच आठवड्यांनी जायचं होतं. "मला जायचंय," ती म्हणाली. "तुम्ही काही करू शकत असाल तर करा. नसाल तर तसं लिहून द्या, म्हणजे मी हे मनाचं मनाचं ऐकणं तरी बंद करते."

मी मोठ्या सिस्टरना हिरवी वही आणायला सांगितली. मला खात्री होती की हिची ओळ त्या चार 'वाईट' वाल्यांत असणार आणि मी म्हणू शकेन, बघ, तू वेगळी केस आहेस. ओळ सापडली. क्रमांक एकतीस. शेवटची भेट वयाच्या दुसऱ्या वर्षी. आणि शेवटच्या रकान्यात, माझ्या सुंदर अक्षरात: उत्तम.

वही मिटायला हवी होती. पण ती मुलगी नकाशे वाचायला निघाली होती, उलटं अक्षर तिने टेबलाच्या त्या बाजूने वाचलं.

"तीन वर्षांची असताना मी इथे आले होते?"

"नाही."

"मग हे कोणी लिहिलं?"

"कारकून असतात आमच्याकडे..." मी म्हणालो. तेवढ्यात तिने आपल्या फाइलमधलं जुनं डिस्चार्ज कार्ड काढून वहीशेजारी ठेवलं. तेच अक्षर, तीच सही.

"मी लिहिलं," मी म्हणालो.

"कशावरून?"

"तू आली नाहीस, यावरून."

ती रडेल असं वाटलं होतं. तिने तक्त्यावर बोट ठेवलं. "म्हणजे त्र्याण्णवात मी आहे," ती म्हणाली. "आणि माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे ज्यावरून ठरलं, त्यातही मीच आहे."

सिस्टर कपाटाकडे तोंड करून पट्ट्या मोजत उभ्या होत्या. त्या पट्ट्या सकाळीच मोजून झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी तिला आठ दिवसांसाठी वॉर्डात घेतलं. तपासण्या केल्या. स्नायू कमजोर निघाला, तीन टाके घालूनसुद्धा. नवीन ऑपरेशनने फार फरक पडला नसता. पण एक साधा उपाय होता: रोज सकाळी कोमट खाऱ्या पाण्याचा एनिमा घेऊन आतडं एकदा पूर्ण रिकामं करायचं, की पुढचा अख्खा दिवस कपडे कोरडे. पाणी किती, मीठ किती, किती वेळ बसायचं, हे प्रत्येकाचं वेगळं, ते पाच-सात दिवसांत जुळवावं लागतं. हे सगळं मला वीस वर्षांपासून माहीत होतं. त्या चार 'वाईट' वाल्यांना मी तेच शिकवलं होतं आणि ती चौघं मजेत होती. म्हणजे या मुलीच्या ओळीत त्या वेळी मी 'वाईट' लिहिलं असतं, निदान 'माहीत नाही' लिहिलं असतं, तर कोणीतरी तिला शोधलं असतं. मी तिला उत्तम करून ठेवलं आणि ती पंधरा वर्षं शेवटच्या बाकावर बसली. हे कळल्यावर मी घरी जाऊन जेवलो नाही, आणि बायकोने का म्हणून विचारल्यावर तिच्यावरच खेकसलो.

पण माणूस एवढ्यावर सुधारतो असं समजू नका.

चौथ्या दिवशी मी राउंडला गेलो, मागे सात शिकाऊ डॉक्टर. दोन दिवस ती कोरडी आहे असं मी धरून चाललो होतो, त्यामुळे मी फारच खुशीत होतो. दारातूनच हात पसरून म्हणालो, "काय मग? आजही कोरडी ना? छान ना?"

"हो सर," ती म्हणाली.

"बघा," मी सातही जणांना म्हणालो आणि तिथेच पलंगाच्या दांड्याला टेकून पाण्याच्या प्रमाणावर छोटंसं व्याख्यान दिलं. जाता जाता तिच्या कागदावर लिहिलं: उत्तम. हो, तोच शब्द. माझ्या हाताला दुसरा येतच नाही.

व्हरांड्यात मोठ्या सिस्टरनी मला बाजूला घेतलं. "सर, काल दुपारी जिन्यावर तिचे कपडे खराब झाले. आज सकाळीही झाले. तुम्हाला सांगू नका म्हणाली."

मला राग आला. स्वतःचा नव्हे, तो यायला अजून अवकाश होता, मला तिचा आला. एवढं आपण करतोय आणि ही खोटं सांगते? मी तरातरा तिच्या आईला शोधायला गेलो. त्या वॉर्डाच्या मोरीत कपडे धूत होत्या. मी काहीतरी बोललो, की असं लपवलं तर उपचार कसे करायचे, वगैरे. त्यांनी नळ बंद केला. हात पुसले.

"तिच्यावर रागावू नका," त्या म्हणाल्या. "ती माझ्यावर गेलीय. ती दोन वर्षांची असताना मी तुम्हाला सांगायला आले होते. दिवसातून वीस-वीस वेळा थोडी थोडी व्हायची तिला. कातडी सोलवटून निघालेली. घरचे म्हणायचे, लहान आहे, होईल. पण मला दिसत होतं ना. घरून पाठ करून आले होते, डॉक्टरांना काय काय सांगायचं ते. त्या दिवशी तुमच्याकडे बाहेरचे पाहुणे आले होते, मोठे डॉक्टर. तुम्ही तिला माझ्या कडेवरून घेतलंत, वर उचललंत आणि त्यांना म्हणालात, ही बघा, ही माझी सगळ्यात छान झालेली मुलगी. दारात येण्याआधी मी तिला कोरडं लंगोट बांधलं होतं, तुमच्या हाताला लागू नये म्हणून. मग तुम्ही मला विचारलंत, छान आहे ना?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणाले. तुम्ही इतके खूश होतात. बाळाला जगवलंत तुम्ही. तुमच्या तोंडावर कसं सांगणार, की छान नाही म्हणून? घरी जाऊन रडले. त्यानंतर यायची हिंमत झाली नाही. पुन्हा तुम्ही तसेच हसाल आणि मी पुन्हा हो म्हणेन, अशी भीती वाटायची."

त्या मोरीपाशीच मोठ्या सरांचं "त्रास असता तर आले असते" मला आठवलं. त्रास होता, म्हणूनच त्या आल्या नव्हत्या.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं, अगदी मोरीपर्यंत. मला वाटलं होतं ती समजूत घालेल. ती म्हणाली, "अहो, तुम्ही विचारताच चुकीचं. मी बत्तीस वर्षं वर्गात उभी राहिले. 'समजलं ना?' असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात हो म्हणतो. एकालाही समजलेलं नसतं. विचारायचं असतं, 'कुठे अडलं?' आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं तुम्हाला जमेल का, ते मला माहीत नाही."

जमलं नाही. निदान सुरुवातीला. उरलेल्या सव्वीस घरांना मी फोन करायचं ठरवलं, आणि तिने माझ्यासमोर बसून पहिला ऐकला. मी म्हणालो, "नमस्कार, मी अमुक अमुक, मुलगा छान असेल ना आता?" पलीकडून आवाज आला, "हो डॉक्टर, छान." फोन ठेवला. बायकोने टेबलावर हात आपटला. "पुन्हा लावा." मी पुन्हा लावला. "माफ करा, मगाशी चुकीचं विचारलं. आता कुठे अडतंय?" आणि बायकोने माझ्या तोंडासमोर बोट धरलं. चाळीस सेकंद पलीकडून काहीच आलं नाही. आयुष्यात इतका वेळ मी कधी गप्प बसलो नव्हतो, ऑपरेशन करतानासुद्धा मी बोलत असतो. मग तो माणूस हळूच म्हणाला, "तो पोहायला जात नाही, डॉक्टर. कोणाला सांगत नाही, का ते." आणि पाऊण तास बोलला.

त्या रविवारी आणि पुढच्या दोन रविवारी मी हेच केलं. ती मुलगी, म्हणजे क्रमांक एकतीस, धरून सत्तावीसपैकी एकोणीस सापडली. आठ खरोखरच छान होती. अकरा नव्हती. त्यांना सगळ्यांना मी बोलावून घेतलं. मग बायकोने आकडेमोड केली, मला हात लावू दिला नाही: त्रेपन्नात अडतीस. बहात्तर टक्के. म्हणजे माझे तीन टाके इतरांच्या टाक्यांपेक्षा कणभरही चांगले नव्हते. ते नुसते जास्त होते.

पेपर छापणाऱ्या मासिकाला मी पत्र लिहिलं, की पेपरातला तक्ता चुकीचा आहे, मी न आलेल्यांना बरं झालेले धरलं होतं. लिहायला एक तास लागला आणि पाठवायला नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत मी त्यातले स्वल्पविराम सुधारत होतो. संघटनेच्या सचिवांचा फोन आला, "सर, आता कशाला? परिषद होऊन जाऊ द्या, मग बघू." मला ते फार पटलं. कोट शिवून आला होता. तेवढ्यात बायकोने नेहमीसारखं पलीकडून विचारलं, "काय, वाढला का शेअर?" मी आकडा बघितला. चारशे चौदा. त्या आठवड्यात आणखी दोघांनी माझा हवाला दिला होता, आणि त्या दोघांच्या ओपीडीतही कोणीतरी आपली फाइल घेऊन बसलं असणार. पत्र पाठवून दिलं. मार्गदर्शनातून तीन टाके गेले, मुख्य भाषणाला दुसऱ्या कोणाला बोलावलं, तो यकृतावर बोलला. माझ्या कोटाची अजून घडी मोडलेली नाही.

पण हे सगळं त्या मुलीच्या कामाचं नव्हतं. तिला फक्त वसतिगृहात जायचं होतं. वॉर्डातून ती घरी गेली होती, रोज सकाळी स्वतःच पाणी घेत होती आणि निघायच्या नऊ दिवस आधी मला दाखवायला येणार होती. ती यायच्या आधी मी हात धुवायच्या आरशात चेहऱ्याचा सराव करून ठेवला. हसायचं नाही, मान डोलवायची नाही, भुवया वर न्यायच्या नाहीत. सिस्टर म्हणाल्या, "सर, दात दुखतोय का?"

ती एकटीच आली, पाठीवर बॅग. समोर बसली. मी दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसलो, म्हणजे ते पसरणार नाहीत.

"कुठे अडतंय?" मी विचारलं आणि गप्प बसलो.

ती खिडकीकडे बघत होती. मग म्हणाली, "होतं अजून. चार दिवसांतून एकदा."

मला मनापासून वाईट वाटलं. मी पूर्ण कोरडीची आशा धरून बसलो होतो. तिचा माळ, ती दुर्बीण, त्या तिघी खोलीतल्या, सगळं डोळ्यांसमोर आलं. ओठावर आलं होतं की एकदा म्हणजे चांगलंच आहे, काही हरकत नाही, तू जा बिनधास्त. मी ते गिळलं. कागद ओढला आणि लिहिलं: चार दिवसांतून एकदा.

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. "वाईट वाटलं ना तुम्हाला?"

"हो," मी म्हणालो. "खूप वाटलं."

"दिसतंय."

"असू दे. ते माझं मी बघेन. तू तुझं सांग."

तिने आणखी थोडा वेळ बघून घेतलं, मी पुन्हा हसायला लागतो की काय म्हणून. मी नाही हसलो.

"एकदा नाही," ती म्हणाली. "दोनदा. कधी तीनदा. आणि नेहमी दुपारी, जेवल्यावर."

चार दिवसांतून एकदा असतं तर मी पाणी तेवढंच ठेवलं असतं आणि तिला माळावर पाठवून दिलं असतं. तीनदा म्हणजे पाणी कमी पडत होतं. ते वाढवून बघायला नऊ दिवस पुरेसे होते. मी 'एकदा' खोडलं आणि त्याच्यावर तिने सांगितलं ते लिहिलं.

"अजून काही?"

"आहे," ती म्हणाली आणि पाठीवरची बॅग काढून खाली ठेवली.